मैत्री द्यायला जमते, घ्यायला का जमत नाही?

पाणपोई

नमस्कार मंडळी, जय भीम.

आषाढ पौर्णिमेला विहारात वर्षावासाचं (पावसाळ्यातल्या तीन महिन्यांचं) ग्रंथवाचन सुरू झालं आणि त्याच आठवड्यात मी आमच्या इमारतीच्या ओल्या जिन्यावरून घसरले. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. स्वयंपाक बंद, धुणं बंद, स्वतःची वेणीसुद्धा घालता येईना.

मी घरातली थोरली सून. बुद्ध पौर्णिमेच्या खिरीचं बघायचं काम वीसेक वर्षं माझ्याकडे आहे. आळीत कुणाकडे मयत झालं की पहिलं पिठलं-भाकरी माझ्या घरून जातं. हे सगळं मी मनापासून करते. पण कुणी माझं केलेलं मला सोसत नाही, हे या सहा आठवड्यांत कळलं.

इमारतीतल्या बायकांनी आपसात पाळ्या लावून डबे सुरू केले. मी पहिल्याच दिवशी मुलीला वही काढायला लावली: कुणी, काय, कधी. आपल्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मला नुसती साखर कमी वाटली. हात बरा झाला की एकेकीला काहीतरी चांगलं करून घालायचं आणि मगच डबे द्यायचे, असं ठरवून टाकलं. दोन आठवड्यांत ओट्यावर अकरा डबे जमले, घासून पालथे घातलेले. प्रत्येकावर नाव कोरलेलं, एकदोघांवर लग्नाची तारीखही. रात्री पाणी प्यायला उठले की ते दिसायचे आणि उधारी थकल्यासारखं छातीवर दडपण यायचं.

तळमजल्यावरच्या आजी ७८ वर्षांच्या आहेत. त्या दोन जिने चढून मुगाची खिचडी घेऊन आल्या. मी दारातच म्हणाले, "अहो आजी, कशाला त्रास घेतलात!" वाईट हेतू नव्हता, तोंडातून निघतंच तसं. पण त्यांचा चेहरा उतरला. डबा शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि कठडा धरून हळूहळू खाली गेल्या. बसा म्हणायचंही मला सुचलं नाही.

मग एका रविवारी धाकटी जाऊ आली. तेल कोमट केलं, मला पाटावर बसवलं आणि माझ्या केसांचा गुंता सोडवत बसली. फणी नाही लावली, आधी नुसत्या बोटांनी, एकेक बट वेगळी करत. आई गेल्यापासून माझ्या केसांना कुणाचा हात लागला नव्हता. मी दहा वेळा म्हणाले, "राहू दे गं, तुला उशीर होईल." शेवटी ती म्हणाली, "ताई, जरा गप्प बसाल का?" मी गप्प बसले, आणि मग रडूच आलं. ती काही बोलली नाही. वेणी घालून झाल्यावर खांद्यावरचे तुटलेले केस गोळा केले आणि चहा ठेवायला गेली.

संध्याकाळी मैत्रीभावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याचं ध्यान, करायला बसले. 'सब्बे सत्ता सुखी होन्तु' (सगळे प्राणी सुखी होवोत) हे मी लहानपणापासून म्हणत आले आहे. पण आमच्या भंतेजींनी शिकवलेली सुरुवातीची ओळ स्वतःसाठी आहे, 'मी सुखी होवो, निर्वैर होवो'. ती ओळ मी नेहमी घाईघाईने उरकते आणि 'सगळे प्राणी' वर जाते, हे त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं.

तर विचारायचं असं: स्वतःवर मैत्री करणं म्हणजे नेमकं काय? आणि घेतलेल्या प्रेमाचं ओझं न होता त्याची कृतज्ञता कशी होते? ज्यांचा अभ्यास आहे किंवा जे यातून गेले आहेत त्यांनी लिहा.

झुआरीकाठ

पाणपोईताई, तुम्ही उरकता त्या ओळीवर आचार्य बुद्धघोषाने विशुद्धिमार्गाच्या नवव्या प्रकरणात सविस्तर लिहिलं आहे. हा पाचव्या शतकात श्रीलंकेत लिहिलेला ग्रंथ. आमच्या गोव्यातल्या सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी (जन्म १८७६) त्याच्या संपादनासाठी आयुष्याची कितीतरी वर्षं घातली. हार्वर्डच्या मालेत तो १९५० साली छापून आला, तेव्हा त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

बुद्धघोष म्हणतो, मैत्री प्रथम स्वतःवर करायची. पण लगेच पुढे असंही म्हणतो की नुसती स्वतःवर शंभर काय, हजार वर्षं केली तरी त्यातून समाधी लागत नाही. मग पहिली का? साक्षीसाठी. मला सुख हवंसं वाटतं, दुःख नकोसं वाटतं, हे मला स्वतःवरून ठाऊक आहे, तसंच इतरांचं असणार. स्वतःच्या सुखाची इच्छाच जिला ओळखीची नाही, ती दुसऱ्यासाठी नक्की काय मागणार?

त्याच प्रकरणातला एक प्रसंग तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो. एक भिक्षू बसला आहे. सोबत तिघं: एक त्याचा आवडता, एक ना आवडता ना नावडता, एक वैरी. चोर येतात आणि म्हणतात, आम्हाला बळी द्यायला एक जण द्या. भिक्षूच्या मनात 'ह्याला न्या' किंवा 'त्याला न्या' आलं तर त्याची मैत्री अजून पक्की झालेली नाही, हे कुणीही कबूल करील. पण 'मला न्या, या तिघांना सोडा' असं मनात आलं तरी बुद्धघोषाचं उत्तर तेच आहे, पक्की नाही. कारण ज्याला नेलेलं चालेल असं वाटतं त्याचं अहित चिंतिलंच, आणि तो स्वतः असला म्हणून काही फरक पडत नाही. चौघांपैकी कुणालाच द्यावंसं वाटत नाही, तेव्हा आपला-परका ही सीमा मोडली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. आपल्या घरांत 'मला न्या' ह्यालाच सर्वांत मोठं प्रेम समजतात, आणि बायकांकडून तर त्याचीच अपेक्षा असते.

मोहोर

अगदी अगदी. 'कशाला त्रास घेतलात' हे वाक्य मी या आठवड्यात तीनदा म्हटलं आहे.

निळं_पाखरू

धागा मनाला भिडला ताई, पण एक गोष्ट मांडल्याशिवाय राहवत नाही. कृतज्ञता हा शब्द आमच्या घरात सहज येत नाही.

माझ्या पणजोबांना पाणी वरून ओतायचे. ते खाली उकिडवे बसायचे, ओंजळ तोंडाशी धरायची, ओतणारा थांबेल तेव्हा थांबायचं. वर 'तुमचेच उपकार' म्हणायचं. आजोबा हे सांगायचे तेव्हा हात तसे धरून दाखवायचे, आणि दाखवताना त्यांची मान आपोआप खाली जायची. त्यांनी आयुष्यात कुणाकडून काही फुकट घेतलं नाही. मुलाच्या लग्नातला आहेरही व्याजासकट फेडल्यासारखा फेडला. आम्हाला वाटायचं, किती ताठ माणूस. आता वाटतं, घेताना त्यांना ती ओंजळ आठवत असणार.

२० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी स्वतःच्या हाताने उचललं, कुणी ओतण्याची वाट पाहिली नाही. आपल्यासाठी तिथून सुरुवात होते. म्हणून मला वाटतं, आपल्या माणसांना घेणं अवघड जातं ते केवळ स्वभाव म्हणून नाही. पिढ्यान् पिढ्या घेणं म्हणजे अपमान होता.

थेरगाथेत, म्हणजे जुन्या भिक्षूंच्या गाथांच्या संग्रहात, सुनीत थेर (ज्येष्ठ भिक्षू) आहेत. सुकलेली फुलं झाडून टाकायचं काम करायचे. ते स्वतः सांगतात की लोक त्यांची घृणा करायचे आणि ते 'मन नीच करून' सगळ्यांना वंदन करायचे. मान खाली जाण्याआधी मनच खाली करावं लागायचं, हे त्यांनी अडीच हजार वर्षांपूर्वी बोलून ठेवलं आहे. मग राजगृहात बुद्ध समोरून आले. सुनीतांनी कावड खाली ठेवली, प्रव्रज्या (भिक्षूची दीक्षा) मागितली, आणि उत्तर मिळालं, 'ये भिक्षू'. एवढंच. पात्रता विचारली नाही, उपकार केल्याचा सूर नाही. घेणाऱ्याची मान खाली न जाता दिलेलं असं काही असतं, हे मला त्या गाथांमधून कळलं. कृतज्ञता मी त्या 'ये' बद्दल शिकलो. उपकारांबद्दल मला ती येत नाही, आणि यावी असंही वाटत नाही.

पाणपोई

निळं_पाखरू, तुमचा प्रतिसाद मी मुलीला मोठ्याने वाचायला लावला. माझ्या आजीची हीच गोष्ट आहे, गाव फक्त वेगळं. मी हे नाव घेतलं तेही त्यासाठीच, की माझ्या दारी कुणाला ओंजळ धरावी लागू नये. पण पाणपोईवर बसणाऱ्या बाईलाही तहान लागते, हा विचार मी कधी केला नाही.

झुआरीकाठ दादा, चोरांची गोष्ट विहारात सांगू का? पुढचं वाचन माझ्याकडे आहे.

झुआरीकाठ

अवश्य सांगा, ताई. ती माझी थोडीच आहे!

दूरदेशी

मी नोकरीनिमित्त बँकॉकला असते. सकाळी सहाच्या सुमारास आमच्या गल्लीतून भिक्षू अनवाणी जातात. कोपऱ्यावर एक बाई तळलेली केळी विकते. ती चपला काढून उभी राहते, पात्रात भात आणि एक पिशवी कालवण घालते आणि मग स्वतः हात जोडून खाली बसते. भिक्षू 'धन्यवाद' म्हणत नाही. पालीत अनुमोदनाची, म्हणजे दानाचा आनंद व्यक्त करणारी, गाथा म्हणतो, 'यथा वारिवहा पूरा', भरून वाहणाऱ्या नद्या जसा समुद्र भरतात, तसं. सुरुवातीला मला हे खटकलं होतं, घेणारा आभारही मानत नाही म्हणून. वर्षभर रोज पाहिल्यावर कळलं की त्या बाईला आभार नकोच आहेत. कुणीतरी पात्र पुढे केलं, ह्याचंच तिला समाधान आहे.

आणि पाणपोईताई, तुमच्या पालथ्या डब्यांवरून मला विनयपिटकातली (संघाच्या नियमांच्या ग्रंथातली) एक गोष्ट आठवली. एखाद्या उपासकाने फार गंभीर आगळीक केली तर संघ त्याला एक दंड देतो, 'पत्तनिक्कुज्जन', म्हणजे पात्र पालथं घालणं. त्याच्याकडून काही घ्यायचंच नाही. वड्ढ लिच्छवीने एका थेरावर खोटा आळ घेतला तेव्हा संघाने हे केलं. बुद्धांचे शिष्य आनंद यांनी जाऊन त्याला ते सांगितलं, तर तो जागच्या जागी मूर्च्छा येऊन पडला. त्याचं कुणी काही काढून घेतलं नव्हतं. फक्त तो देईल ते कुणी घेणार नव्हतं.

पाणपोई

म्हणजे आजींना मी दारात उभं राहून तो दंड दिला.

दूरदेशी

तसं नाही हो ताई. तुम्हाला माहीत नव्हतं. आणि वड्ढाने चूक कबूल केल्यावर संघाने त्याच्यासाठी पात्र परत सरळ केलं, तेही त्याच गोष्टीत आहे.

शेवंता

मी परिचारिका आहे, २६ वर्षं झाली. मला थोडी वेगळी शंका आहे. हल्ली 'स्वतःवर प्रेम करा' हे जिथे तिथे ऐकू येतं आणि त्याआडून माणसं सरळ अंग काढून घेतात. रात्रपाळीला कमी माणसं असताना कुणी 'मला माझी काळजी घ्यायची आहे' म्हणून सुट्टी टाकली की तिचे आठ पेशंट माझ्याकडे येतात. मग स्वतःवरची मैत्री आणि आपमतलबीपणा यांच्यात रेघ कुठे मारायची?

आनापान

शेवंताताई, संयुत्तनिकायात (बुद्धांच्या उपदेशांच्या एका संग्रहात) सेदक नावाच्या गावी बुद्धांनी डोंबाऱ्याचा दृष्टान्त दिला आहे. डोंबारी शिष्याला म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो, मग खेळ नीट होईल. शिष्य म्हणतो, असं नाही. तुम्ही तुमचा तोल सांभाळा, मी माझा सांभाळतो, तेव्हाच आपण बांबूवरून सुखरूप उतरू. बुद्ध शिष्याची बाजू घेतात, पण तिथे थांबत नाहीत. स्वतःला राखणारा दुसऱ्याला राखतो, हे सांगून पुढे म्हणतात की दुसऱ्याला राखणारा स्वतःला राखतो, आणि ते कसं तर क्षमेने, अहिंसेने, मैत्रीने. दोघंही एकाच बांबूवर आहेत. तोल सांभाळणं म्हणजे बांबू सोडून खाली उडी मारणं नव्हे. तुमची सहकारी उडी मारते आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. पण २६ वर्षं तुम्ही एकट्याच दोघींचा तोल धरून उभ्या असाल, तर तेही त्या सुत्तात बसत नाही.

माझा स्वतःचा अनुभव दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचा आहे, इगतपुरीचा. पहाटे चारला घंटा. पहिले नऊ दिवस मी स्वतःला दटावण्यात घालवले. पाठ दुखली की चीड, मन भटकलं की चीड, शेजारचा स्थिर बसलेला दिसला की जास्तच. दहाव्या दिवशी मंगल मैत्री शिकवतात. सगळ्यांसाठी मंगल कामना करायला सांगितली आणि माझ्या आत नऊ दिवसांचा राग नुसता साचलेला. इतरांना काय वाटून देणार होतो मी?

नंतर सोण थेरांची गोष्ट वाचली. चंक्रमण (येरझाऱ्या घालत ध्यान) करून करून तळपाय फुटले, आणि तरी काही साधत नाही म्हणून घरी परतायचा विचार करत होते. बुद्धांनी त्यांना एवढंच विचारलं की घरी असताना तू वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर वाजायची का? फार सैल सोडल्या तर? सोण वीणा जाणणारे होते, म्हणून वीणेचं विचारलं. बुद्ध त्यांच्यावर रागावले नाहीत आणि लाडही केले नाहीत. पुढचं शिबिर मी याच एका गोष्टीवर काढलं. पाठ तेवढीच दुखली, पण दटावणं बरंच कमी झालं.

शेवंता

'एकट्याच दोघींचा तोल' हे वाचून थांबले. विचार करते.

वाटसरू_७२

एक मूलभूत प्रश्न. बुद्ध तर अनात्म सांगतात. 'स्व'च नाही तर स्वतःवर मैत्री कुणी कुणावर करायची?

झुआरीकाठ

वाटसरू, अनात्म म्हणजे आत कायमचा, न बदलणारा असा कुणी बसलेला नाही. दुखणारं मनगट मात्र आहे, आणि आजींचा उतरलेला चेहराही आहे.

पसेनदी राजाची गोष्ट पाहा. राजवाड्याच्या गच्चीवर तो मल्लिका राणीला विचारतो, तुला स्वतःहून अधिक प्रिय कुणी आहे का? त्याची काय अपेक्षा असेल ते उघड आहे. ती म्हणते, नाही महाराज, आणि तुम्हाला? त्याला कबूल करावं लागतं की त्यालाही नाही. तो बुद्धांकडे जाऊन हे सांगतो. बुद्ध त्यात काही चूक काढत नाहीत. म्हणतात, मनाने सगळ्या दिशा फिरून आलं तरी स्वतःहून प्रिय कुणी सापडत नाही. दुसऱ्यांनाही त्यांचं स्वतःपण असंच प्रिय असतं, म्हणून स्वतःचं हित इच्छिणाऱ्याने दुसऱ्याला दुखवू नये. मल्लिकेचं खरं उत्तर मला फार आवडतं. ती मूळची माळ्याची मुलगी होती, असं अट्ठकथेत (जुन्या पाली टीकेत) सांगितलं आहे.

लेणीवाट

मी नाशिकचा. विषय घेण्यादेण्याचा निघालाच आहे म्हणून त्रिरश्मी लेण्यांतल्या एका शिलालेखाबद्दल लिहितो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने १० क्रमांकाचं लेणं दिलं आणि ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून विणकरांच्या श्रेणींकडे (व्यवसायसंघांकडे) ठेवले. त्यातल्या २००० वर महिना शेकडा १ व्याज. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी (भिक्षूच्या वस्त्रासाठी) प्रत्येकी १२. हिशेब करून पाहा, वर्षाचे २४० होतात आणि बरोबर वाटले जातात. मूळ रक्कम परत द्यायची नाही असंही लिहून ठेवलं आहे. देणाऱ्याने इतका विचार करून ठेवला की घेणाऱ्याला दर पावसाळ्यात कुणापुढे उभं राहावं लागू नये. निळं_पाखरू, तुमचा प्रतिसाद वाचून मला हे आठवलं.

आणि पाणपोईताई, डब्यावर कोरलेल्या नावांचं वाचून बरं वाटलं. आपल्या लेण्यांतही दात्यांची नावं अशीच कोरलेली आहेत. कार्ल्याला खांबाखांबावर आहेत. राजेच नव्हेत, साधी माणसंही आहेत. नावापुढे 'देयधम' किंवा 'दानं', म्हणजे याचं हे दान. ही नावं परतफेडीसाठी कोरलेली नाहीत. अमक्याने हे दिलं, एवढं लक्षात राहावं म्हणून आहेत.

निळं_पाखरू

हे माहीत नव्हतं. पुढच्या वेळी लेण्यांवर गेलो की हा लेख शोधून उभा राहीन.

पाणपोई

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, आणि 'कशाला त्रास घेतलात' असं म्हणणार नाही.

भंतेजींना कृतज्ञतेचं विचारलं. ते म्हणाले, पालीत शब्द 'कतञ्ञू' आहे, म्हणजे केलेलं जाणणारा. त्यांनी राध ब्राह्मणाची गोष्ट सांगितली. गरीब, म्हातारा, त्याला कुणी प्रव्रज्या देईना. बुद्धांनी विचारलं, याने कुणासाठी काही केलेलं कुणाला आठवतं का? सारिपुत्त म्हणाले, मला आठवतं. राजगृहात भिक्षेला गेलो होतो तेव्हा याने मला पळीभर भात घातला होता. इतका मोठा थेर, आणि एक पळी भात लक्षात ठेवला! मी मध्येच म्हणाले, भंतेजी, मीही वही ठेवली आहे. ते म्हणाले, ठेवा की, पण त्यात फेडल्याची खूण करू नका.

त्या संध्याकाळी मुलीकडून अकराही डबे सरळ करून घेतले आणि प्रत्येकात चिमूट चिमूट साखर घातली. बाकीचे तिच्याबरोबर पाठवले. आजींचा मात्र मी स्वतः घेऊन गेले, डाव्या हाताने. त्यांना म्हटलं, खिचडी फार छान झाली होती, पुन्हा कधी कराल? त्या म्हणाल्या, "आत्ताच टाकते, बस." पाऊण तास बसले. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत त्या त्यांच्या माहेरच्या विहिरीबद्दल बोलत होत्या. ताटात तुपाची धार धरली तेव्हा 'पुरे' तोंडापर्यंत आलं होतं. ते गिळलं. त्यांचं त्यांना वाटेल तेव्हा थांबू दिलं.

मैत्रीभावनेतली पहिली ओळ अजून घाईत जाते. पण आता गेली की कळतं, मग परत येऊन पुन्हा म्हणते.

शेवंता

ताई, हात कसा आहे? प्लास्टर निघालं का? बोटांचे व्यायाम चुकवू नका.

पाणपोई

निघालं, परवाच. मनगट अजून ताठ आहे, पण फणी धरता येते. वेणी आता माझी मला घालता येईल. तरी जावेला फोन केला आहे, रविवारी ये म्हणून. तेल मी कोमट करून ठेवणार आहे.